यात्रेच्या मांडवातला फोन

पत्र

ताई, आम्ही खानापूर तालुक्यातले. थोडी शेती आहे, मिस्टर बेळगावात कामाला जातात. थोरला मुलगा 17 वर्षांचा. दहावीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत शिकला, आता बेळगावच्या कॉलेजात पीयूसी दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, सायन्सला आहे. धाकटी मुलगी नववीत.

एप्रिलमध्ये गावची लक्ष्मीची यात्रा झाली. बऱ्याच वर्षांनी भरली, त्यामुळं पुणे, कोल्हापूर, गोवा, सगळीकडचे पाहुणे घरी होते. पहिल्या दिवशी पुण्याची चुलत भावंडं आली तेव्हा हा बरा बोलत होता. त्याच्या 'काय करूलैस'ला, म्हणजे 'काय करतोयस'ला, ती हसली, पुन्हा पुन्हा म्हणून दाखवत होती, पोरांची थट्टा चाललेली. पुढचे दोन दिवस मात्र हा मांडवाच्या खांबाला टेकून फोनमध्ये तोंड खुपसून बसला. कुणी बोलायला गेलं तर हूं की चूं नाही. शेवटी पंगतीत थोरल्या दिरांनी सगळ्यांसमोर त्याच्या हातातला फोन काढून घेतला आणि म्हणाले, "माणसांत बसायची अक्कल नाही तर इथं कशाला बसलास?" पोरगं भरल्या ताटावरून उठून गेलं. तेव्हापासून काकांशी बोलत नाही.

मुलगी एरवी गप्पिष्ट, पण तीही चार माणसांत बसली की दर पाच मिनिटांनी फोन बघते. मिस्टर म्हणतात, पोराचा स्वभावच तुसडा आहे. माझ्या भाचीनं फोनवर त्याची कसली तरी स्वभावाची चाचणी घेतली, त्यात 'अंतर्मुख' असं आलं. फोनचं वेड आणि स्वभाव यांचा संबंध असतो असं मीही वाचलं. खरं आहे का? स्वभावच तसा असेल तर तो बदलतो का? रोपलावणीत हाच पोरगा दिवसभर चिखलात सगळ्यांशी बडबडत होता, म्हणून मला काही कळेनासं झालंय. गणपतीला तेच सगळे पाहुणे पुन्हा येणार आहेत.

एक आई

उत्तर

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ठिकाणी अडले. 'पोरांची थट्टा चाललेली' असं म्हणून तुम्ही पुढं गेलात. मला वाटतं, त्या दोन दिवसांचं सगळं कारण त्या तीन शब्दांत आहे.

आपलं बेळगावकडचं बोलणं कसं आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. कानडीचा हेल त्यात आहे, शब्दही आहेत, आणि 'करूलैस', 'जाऊलैस' हे तर आपल्या घरातलं बोलणं. गावात ते कुणाच्या कानाला खटकत नाही. पण हाच पोरगा सकाळी बसनं बेळगावला जातो, तिथं वर्गात शिकवणं इंग्रजीत, मधल्या सुट्टीत आजूबाजूला भराभर कानडी. मराठी शाळेतल्या मुलांना कानडी विषय असतो, वाचता-लिहिता येतं, पण कट्ट्यावर कुणी विनोद केला तर त्याच वेगानं उलटा विनोद करायला ते पुरत नाही. म्हणजे दिवसाचे सहा-सात तास तो तोंड उघडण्याआधी शब्द चाचपत असणार. मी गेली कितीतरी वर्षं अशी मुलं शिकवते आहे, त्यामुळं हे अंदाजानं लिहीत नाही. या सगळ्यात एक मराठी तेवढी त्याची स्वतःची होती. आणि यात्रेच्या पहिल्याच दिवशी, स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या भावंडांनी त्याला दाखवून दिलं की तीही त्याला धड येत नाही.

यानंतर त्यानं काय करायचं होतं? भांडायचं तर पाहुणे आहेत. उठून जायचं तर 'कुठं चाललास, इकडं ये, आत्यांना पाणी दे' असं होतं. गप्प नुसतं बसायचं तर दहा जण विचारणार, बरं नाही का रे? फोन हातात असला की हे सगळं टळतं. वर मोठी माणसं 'मोबाईलचं वेड' म्हणून मोकळी होतात, आणि दुखावलेल्या मुलाला ते वेड म्हणून घेणं परवडतं. 'मला लागलंय' हे सांगण्यापेक्षा ते कितीतरी सोपं.

मागं एकदा बेळगावच्या सीबीटी बसस्थानकावर मी बसची वाट बघत होते. शेजारच्या बाकावर चार मुलं, तिघं खिदळत होती, चौथा फोनवर. सवयीनं माझं लक्ष त्याच्या पडद्याकडं गेलं. त्यानं काहीच उघडलेलं नव्हतं. नुसती ॲपची चित्रं, ती अंगठ्यानं एकदा डावीकडं सरकवायची, एकदा उजवीकडं. पुन्हा डावीकडं. पाच-सहा मिनिटं हेच. मधेच त्या तिघांपैकी एकानं काहीतरी म्हटलं तर हा वर न बघता हसला. म्हणजे कान पूर्ण तिकडंच होते. त्या दिवसापासून कुठल्याही मुलाला 'फोनमध्ये बुडालाय' म्हणताना माझी जीभ अडते. तुमचा मुलगा खांबाला टेकून नेमकं काय बघत होता, हे कुणी पाहिलं होतं का?

आता तुमचा मूळ प्रश्न, स्वभावाचा. माणसांत बसून फोनमध्ये बघत राहणं आणि समोरच्याला टाळणं याला इंग्रजीत 'फबिंग' म्हणतात. फोन आणि 'स्नबिंग', म्हणजे झिडकारणं, हे दोन शब्द जोडून तो 2012 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये एका जाहिरात कंपनीनं एका शब्दकोशाच्या प्रचारासाठी मुद्दाम घडवून घेतला. शब्द रुळला आणि मानसशास्त्राच्या लोकांनी त्यावर अभ्यास सुरू केले. स्वभाव मोजताना हे लोक माणसाला 'तुसडा' किंवा 'मनमिळाऊ' अशा खणांत टाकत नाहीत. पाच गोष्टी बघतात: नव्याची ओढ किती, कामात नेटकेपणा किती, माणसांत रमणं किती, दुसऱ्याशी जुळवून घेणं किती, आणि मन चटकन अस्वस्थ होतं का. प्रत्येकात या पाचही गोष्टी कमी-जास्त असतात.

अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात जुह्युंग सन आणि जेनिफर सँप या दोघींनी 2021 मध्ये मित्रमैत्रिणींसमोर फोन बघण्याबद्दल एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचं मन खिन्न असतं, ज्यांना लोकांत वावरायची भीती वाटते, ज्यांचं मन लवकर अस्वस्थ होतं, त्यांच्यात ही सवय जास्त दिसली. जुळवून घेणाऱ्या स्वभावाच्या माणसांत कमी. तेव्हा संबंध असतो, तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. पण या यादीत 'तुसडेपणा' नाही हे बघा. भीती आहे, खिन्नता आहे, अस्वस्थपणा आहे. मिस्टरांना हे वाक्य जरूर वाचून दाखवा. शिवाय असले निष्कर्ष शेकडो माणसांची सरासरी सांगतात, तुमच्या एका मुलाबद्दल निकाल देत नाहीत. आणि मन अस्वस्थ आहे म्हणून फोन हातात येतो, की फोन सतत हातात असल्यानं मन अस्वस्थ होतं, हे नुसत्या अशा संबंधावरून ठरत नाही.

'अंतर्मुख'चं म्हणाल तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आपण तीन वेगळ्या मुलांना एकाच नावानं हाक मारतो. एकाला गर्दीत दमायला होतं, थोडा वेळ एकटं बसलं की तो ताजा होतो. तो अंतर्मुख. दुसऱ्याला बोलायचं असतं, पण हसतील या धास्तीनं तोंड उघडत नाही. तो बुजरा. तिसऱ्याला माणसंच नको असतात, आणि असं मूल फार क्वचित भेटतं. तुमचा मुलगा तिसरा नाही याचा पुरावा तुम्हीच लिहिला आहे. रोपलावणीत पाय गुडघाभर चिखलात, हात रोपांत, शेजारी घरचीच माणसं, बोलणं घरचंच, आणि पोरगं दिवसभर बडबडतंय. तुसड्या मुलाला हे जमत नाही. तोच मुलगा, तोच स्वभाव, फक्त तिथं त्याच्या बोलण्याला हसणारं कुणी नव्हतं.

बदलतो का? बदलतो. 2011 मध्ये क्रिस्टोफर सोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 10 ते 65 वयाच्या साडेबारा लाखांहून अधिक लोकांच्या उत्तरांवरून एक मोठा अभ्यास केला. माणसं आपल्याकडची नव्हती, इंग्रजीत उत्तरं देणारी होती, हे लक्षात ठेवून बघू. त्यात असं दिसलं की लहानपण सरून तारुण्याकडं जाताना मुलांचा नेटकेपणा आणि जुळवून घेणं दोन्ही खाली येतं, आणि पुढं मोठेपणी पुन्हा वर चढतं. म्हणजे 12-13 व्या वर्षापासून घरोघरी 'आधी किती गुणाचा होता' हे जे ऐकू येतं त्यात तथ्य आहे, आणि पुढं ते भरून येतं यातही. म्हणून 17 व्या वर्षी कुणाच्या कपाळावर स्वभावाचा शिक्का मारू नये, असं मी अगदी कळवळून सांगते. ज्या मुलाला रोज 'तुसडा' म्हटलं जातं त्याला एक दिवस तसंच वागणं सोयीचं वाटायला लागतं.

मुलीचं वेगळं आहे. दोघांच्या हातात फोन दिसतो म्हणून दोघांना एकच औषध देऊ नका. ती गप्पिष्ट, मैत्रिणी भरपूर, आणि दर पाच मिनिटांनी बघणं म्हणजे बहुधा कुणाला तरी उत्तर द्यायचं राहिलंय. नववीतल्या मुलींकडून मी स्नॅपचॅटच्या 'स्ट्रीक'बद्दल ऐकते. दोन मैत्रिणींनी रोज एकमेकींना फोटो पाठवायचा. 24 तासांत दोघींपैकी एकीनं जरी चुकवलं तर तो आकडा तुटतो, आणि तुटायची वेळ जवळ आली की नावापुढं वाळूचं घड्याळ दिसायला लागतं. दोनशे दिवस सांभाळलेला आकडा आत्याच्या गप्पांपायी तुटला तर दुसऱ्या दिवशी वर्गात रुसवा. मोठ्यांना हा पोरखेळ वाटतो, 14 व्या वर्षी ती मैत्रीची परीक्षा असते. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा पडल्या आणि उत्तर गेलं नाही तरी तेच. म्हणजे समोर नसलेल्यांची मनं राखताना समोरच्यांची मोडतात. तिला ओरडण्यापेक्षा तिच्याकडून नीट समजून घ्या की काय तुटतं, कधी तुटतं, कोण रुसतं. मग तिच्याशी ठरवा: पाहुणे यायच्या आधी सगळं पाठवून मोकळी हो, मैत्रिणींना सांग की जेवणं होईपर्यंत मी नाही, आणि तेवढा वेळ फोनचे आवाज आणि सूचना बंद. गप्पिष्ट मुलीला हे जमतं, कारण समोरच्या माणसांतही तिला गोडी असते.

आता दिरांचं. ताई, हे जड जाईल, पण पंगतीत झालं ते चुकीचं झालं. ताटावर बसलेल्या माणसाला आपल्याकडं कुणी बोलत नाही. भिकाऱ्यालाही नाही. त्याला तर त्याच्या वयाच्या भावंडांसमोर बोलले, पहिल्या दिवशी जी त्याला हसली होती त्यांच्याच समोर. काकांना हे ठाऊक नसेल. त्यांना समोर एक उद्धट पोरगा दिसला, मनात वाईट काही नसेल, हे मी मानते. तरी मुलाच्या बाजूनं बघा: भाषेवरून हसणाऱ्यांना कुणी काही बोललं नाही, आणि गप्प बसलेल्याला मात्र सगळ्यांदेखत शिक्षा.

थोरल्या दिरांना तुम्ही बोलू शकणार नाही हे मी समजते. ते काम मिस्टरांचं, आणि फोनवर नको, समोर बसून. त्यांनी एवढंच सांगावं, 'दादा, पोराला त्या दिवशी लागलंय. तुम्ही एकदा त्याच्याशी बोला.' माफीचा शब्द काकांच्या तोंडून नाही आला तरी चालेल. त्यांनी येताना त्याला हाक मारून एखादं काम सांगितलं, सोबत घेऊन गावातून फिरून आले, तरी आपल्याकडं त्याचा अर्थ पोरांना कळतो. आणि तुमची जाऊ, पुण्याच्या मुलांची आई, तिच्याशी तुम्ही बोला. तक्रारीच्या सुरात नको. 'त्याला आमच्या बोलीवरून चिडवलं की तो मिटतो, मुलांना जरा सांगून ठेव' एवढं पुरे. ती भावंडं वाईट नाहीत. त्यांना गंमत वाटली, आणि थांबा म्हणणारं मोठं माणूस तिथं कुणी नव्हतं.

आता तुमचं स्वतःचं. मुलाशी बोलताना फोनचा विषय पहिल्यांदा काढूच नका. समोरासमोर बसवून तर अजिबात नको, तो 'काही नाही' म्हणेल आणि संपलं. गोठ्यात काम करताना, किंवा सकाळी बसला सोडायला जाताना, जिथं एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, तिथं सांगा: 'यात्रेत ती तुझ्या बोलण्याला हसत होती. मी तेव्हाच थांबवायला पाहिजे होतं. माझ्या ध्यानात आलं नाही.' त्यानंतर गप्प राहा. तो त्या दिवशी काही बोलणार नाही. चार-आठ दिवसांनी आपणहून काहीतरी सांगेल, कदाचित कॉलेजचं सांगेल. तेव्हा सल्ला देऊ नका, ऐका फक्त.

गणपतीसाठी दोन गोष्टी सुचवते. पहिली, त्याला माणसांतून उठून जायची मुभा द्या, आधी ठरवून. 'कंटाळा आला तर मला खूण कर आणि अर्धा तास माडीवर जा, मी कुणाला विचारू देणार नाही.' ज्या मुलाला दार मोकळं असतं त्याला फोनच्या आड लपायची गरज कमी पडते, आणि अर्ध्या तासानं तो परत येतो हे मी पाहिलं आहे. मांडवात सक्तीनं बसवून फोन काढून घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं. माझ्याकडूनही ती चूक झाली आहे. शाळेच्या एका कार्यक्रमात मी एका मुलाच्या हातातला फोन काढून घेतला होता, चारचौघांत. फोन दुसऱ्या दिवशी परत दिला, पण त्यानं नंतर वर्षभर माझ्या तासाला हात वर केला नाही. मला ते अजून सलतं.

दुसरी, पंगतीत जेवायला नको, वाढायला ठेवा. बुजऱ्या माणसाला हातात काम असलं की बोलणं सोपं जातं. 'भात वाढू का?' या प्रश्नाला हुशारी लागत नाही आणि त्यावरून हसतही कुणी नाही. आणि एक दिवस त्या पुण्याच्या पोरांना त्याच्याबरोबर रानात पाठवा. गणपतीच्या दिवसांत भात उभं असतं, बांधावर पाय घसरतो, पाणी कुठून सोडायचं, कुठं पाय ठेवायचा हे त्याला ठाऊक, त्यांना नाही. तिथं चालते ती त्याची भाषा.

जेवताना फोन बाजूला ठेवायचा नियम करणार असाल तर तो सगळ्यांना. एक परडी ठेवा, पहिला फोन मिस्टरांचा पडू दे, मग काकांचा. इंग्लंडमधल्या केंट विद्यापीठातल्या दोघांनी 2016 मध्ये दाखवलं की जे दुसऱ्यांसमोर फोन बघतात आणि ज्यांच्यासमोर दुसरे बघतात, त्या दोघांनाही हळूहळू यात वावगं काहीच वाटेनासं होतं. यात्रेच्या मांडवात मोठ्यांपैकी किती जण व्हिडिओ काढत होते, फोटो ग्रुपवर टाकत होते, आठवून बघा. मुलं आपल्याकडं बघतच वाढतात, आणि नियम फक्त पोरांना असला की त्यांच्या लेखी तो नियम राहत नाही, पकडापकडी होते.

एका गोष्टीवर मात्र लक्ष ठेवा. रानातली बडबडही थांबली, जेवण-झोप बिघडली, कॉलेजला जायचं टाळायला लागला, आवडीची कामंही नकोशी झाली आणि हे दोन-तीन आठवडे तसंच राहिलं, तर हा पाहुण्यांपुरता बुजरेपणा नाही. मग थांबू नका. 14416 हा सरकारचा टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याचा मदत क्रमांक आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीतून बोलता येतं. आधी तुम्ही स्वतः बोललात तरी चालतं. समोर जाऊन दाखवायचं तर आपल्याला धारवाडची मानसिक आरोग्याची सरकारी संस्था, डिम्हान्स, जवळ पडते. बेंगळुरूच्या निम्हान्स या तशाच संस्थेत फोन आणि इंटरनेटच्या अतिवापरासाठी 2014 पासून वेगळं क्लिनिक आहे. तुमच्या पत्रावरून आज तरी मला याची गरज दिसत नाही, पण क्रमांक घरात लिहून ठेवा.

भाचीला सांगा, पुढची चाचणी घ्यायची तर आधी मिस्टरांची घे, मग तुमची. उत्तरं सगळ्यांनी मिळून वाचा, मुलगाही असू दे तिथं. आणि गणपतीनंतर मला दोन ओळी लिहा. तो वाढायला उभा राहिला का, आणि काकांच्या ताटात भात त्यानंच वाढला का, हे मला मनापासून जाणून घ्यायचं आहे.